नऊ नंबरचं पान

हे मी लिहावं की नाही, याची माझी अजून खात्री नाही. मराठी शाळेत मी सहावीपर्यंतच होते. त्यानंतर मराठी बोलले ती आईबाबांशी, आणि पुढे काकांशी. काकांना पन्नास वर्षं ओळखणारी माणसं इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आहेत, डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, मराठी मंडळाचे जुने अध्यक्ष आहेत. मी त्यांच्या तळघरात दोन वर्षं राहिले, एवढाच माझा अधिकार. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे कुठे बोलावं आणि कुठे गप्प बसावं हे मला अजूनही नीट कळत नाही. पण काकू म्हणाल्या, "तूच लिही. बाकीचे ह्यांना वेडा लिहून मोकळे होतील." म्हणून लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

काका मूळ वर्ध्याचे. पण गणपतीत कुणी नव्याने आलेल्या माणसाने "काका, तुमचं गाव कुठलं?" असं विचारलं, की ते जर्मनीतल्या एका नदीकाठच्या लहानशा गावाचं नाव सांगायचे. समोरचा हसायचा. काका हसायचे नाहीत. ते सुरू करायचे, "आमच्या गावाने पूल तीनदा बांधला. पहिला लाकडी, तो बर्फाच्या लाद्यांनी नेला. दुसरा दगडी, तो पळून जाणाऱ्या सैन्याने स्वतःच उडवला, आणि मग सहा महिने लोक दोराला धरलेल्या होडीतून भाकरी आणायला पलीकडे जायचे." प्रसादाची प्लेट हातात धरून उभा असलेला तो नवा माणूस तिसऱ्या पुलाची वाट न बघता कॉफीकडे सटकायचा. काका राहिलेलं वाक्य भिंतीकडे बघून पूर्ण करायचे.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती खोली बघायला. माझ्या आईच्या ओळखीतून पत्ता मिळाला होता. काकूंनी चहा दिला, काकांनी दोनच प्रश्न विचारले.

"कुठला विषय?"

"हिस्टरी. आणि लँग्वेज रिक्वायरमेंटसाठी जर्मन घेतलंय, पण अजून काही येत नाही."

"दार वाजवलं तर उत्तर देशील?"

मला प्रश्न कळला नाही. मी हो म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "विचार करून हो म्हण गं. रोजचं आहे ते."

रोजचं होतं. सकाळी सात वाजता काका तळघराच्या जिन्याने खाली येत, दारावर तीन टकटक करत आणि विचारत, "आहेस ना?" मी "आहे काका" म्हणायचं. मग ते वर जात. परीक्षा असो, ताप असो, रविवार असो. एकदा मी दात घासत होते आणि तोंडात फेस घेऊन नुसतं 'हं' केलं, तर ते तिथेच उभे राहिले. शब्दात उत्तर ऐकल्याशिवाय पाय हलला नाही.

त्यांच्या घराच्या एकाही खिडकीला पडदा नव्हता. पुढचं दार सकाळपासून उघडं, जानेवारीतही बोटभर फट ठेवलेली. काकू घरात कोट घालून पोळ्या लाटायच्या. "पंचावन्न वर्षं मी मॅसेच्युसेट्स गरम करतेय," त्या म्हणायच्या. आणि काका शेजाऱ्यांची दारंही वाजवायचे. कुणाच्या ब्लाइंड्स दोन दिवस खाली दिसल्या, की काठी घेऊन निघाले. अमेरिकन शेजाऱ्यांनी एकदा पोलिसांना बोलावलं. पोलीस सभ्य होता. त्याने काकांना घरी आणून सोडलं आणि काकूंना बाजूला घेऊन विचारलं, यांना स्मृतिभ्रंश आहे का? काकू म्हणाल्या, "उलट आहे. काहीच विसरत नाहीत."

समोरच्या घरात नागपूरचा एक आयटीवाला राहायचा. त्याने दाराला कॅमेरावाली बेल लावली होती. एकदा काका तिथे उभे असताना बेलमधून त्याचा आवाज आला, "काका, मी ऑफिसमध्ये आहे यार. घरी कोणी नाहीये."

काका बेलकडे वाकून म्हणाले, "मग बोलतंय कोण?"

"काका, मी फोनवरून बोलतोय. घर एम्प्टी आहे. सिरियसली."

"तू तिथे आहेस तर इथलं तुला काय माहीत?" काका म्हणाले आणि मागच्या अंगणात जाऊन खिडकीच्या काचेला कपाळ लावून आत बघून आले. त्या मुलाने हे सगळं रेकॉर्ड करून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पुष्कळ लोक हसले. मीही हसले होते, हे इथे लिहायला हवं.

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बंद दाराचा अर्थ एवढाच, की आपल्याला माहीत नाही." माझा एक पेपर त्यांनी भिंग लावून वाचला होता. पाण्याच्या तलावासाठी बुडवलेल्या इथल्याच एका खोऱ्याबद्दल होता. मी लिहिलं होतं, रहिवासी गाव सोडून गेले. काका म्हणाले, "किती घरं? कोण कुठे गेलं? शेवटचं कोण निघालं?" मी म्हटलं, तेवढं पुस्तकात नव्हतं. ते म्हणाले, "मग 'गेले' असं लिहू नकोस. 'मला माहीत नाही' असं लिही." प्रोफेसरांनी त्या पेपरला चांगली ग्रेड दिली होती. मला मात्र काकांचंच लक्षात राहिलं.

आता वह्यांबद्दल. काकूंच्या माहेरचा एक जाडजूड कुलवृत्तांत कपाटात होता. घराण्यातला कोण कुणाचा मुलगा, कुठे शिकला, कुठे स्थायिक झाला, त्याला किती मुलं, कुणाचा वंश थांबला, असं सगळं एकेका नोंदीत. काकांनी तीच रीत उचलली होती, फक्त घराण्याच्या जागी त्यांनी गाव धरलं होतं. सात लांब वह्या, मराठीत, घरागणिक एक पान. 'घर क्रमांक चार. कातडी कमावणारे. तीन मुलगे. दोन साथीत गेले, तिसरा मिठाच्या बोटीवर हमाल. नंतर घर विधवा मुलीकडे.' 'घर क्रमांक पंधरा. घंटा ओतणारा. गावच्या चर्चची घंटा यानेच ओतली, पुढे युद्धात तोफांसाठी ती वितळवली तेव्हा नातू ती उतरवायला मदतीला होता.' इतकं कोरडं. पण ती पानं ओळीने टाइप करताना मला कधीकधी उठून जिन्यावर जाऊन बसावं लागायचं. साथीत एका वर्षात सबंध गावात सात चुली उरल्या, हे काकांनी वाक्य म्हणून कुठेच लिहिलेलं नव्हतं. पान उलटत गेलं की ते आपोआप कळायचं. पानामागून पान, शेवटची ओळ एकच, 'चूल बंद.'

माझं काम हे होतं. काकांची नजर जात चालली होती, म्हणून वह्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या, आणि त्या गावाच्या दप्तरखान्याला काका सांगतील तशी पत्रं लिहायची. दप्तरखाना म्हणजे आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. काका त्यांना अनेक वर्षं प्रश्न पाठवत होते. पुलावरचा जकातीचा दर काय होता, कागद गिरणीचं पहिलं चाक कुणी बसवलं, अमुक घरातल्या मुलीचं लग्न कुठे झालं. त्या बाई चिकाटीने उत्तरं देत.

माझ्या खोलीच्या भिंतीवर रेघा होत्या. सुरुवातीला मला वाटलं, मुलांची उंची मोजलेली असेल. पण काकांना मूल नव्हतं. त्या गावात प्रत्येक पुराचं पाणी कुठवर आलं ते घरांच्या भिंतींवर कोरून ठेवतात, आणि काकांनी त्या सगळ्या खुणा मापाने आपल्या तळघरात उतरवल्या होत्या, पुढे साल लिहून. काही घोट्याशी, काही कमरेशी, दोन माझ्या डोक्याच्याही वर. मी पलंगावर पडले की सगळेच पूर माझ्यावरून जायचे. छातीच्या उंचीवर एक रेघ खडूने काढलेली होती. तिच्यापुढे साल नव्हतं.

मी धरून चालले होते, की काका त्या गावात निदान दहा-पंधरा वर्षं राहिले असतील. एकदा शेंगा सोलताना काकूंना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "पाच आठवडे."

"पाच वर्षं?"

"आठवडे गं. इंजिनियर झाल्यावर त्या कागद गिरणीत शिकाऊ म्हणून गेले होते. पाच आठवड्यांत पूर आला, गिरणी बंद पडली, पोरांना दुसऱ्या गावी पाठवून दिलं. माझ्याबरोबर पंचावन्न वर्षं काढली या माणसाने. माझ्यावर एक वही आहे का बघ त्या कपाटात."

गावातल्या नदीकडच्या खालच्या गल्लीची सातवी वही मी शेवटी घेतली. डाव्या बाजूला विषम नंबर. एक, तीन, पाच, सात, सगळी पानं दाट भरलेली. मग वर नुसतं 'घर क्रमांक नऊ', आणि खाली पान कोरं. मग अकरा. मी काकांना विचारलं, नऊची माहिती मिळाली नाही का? पत्रात विचारू का? ते उठले, काठी घेतली आणि समोरच्याचं दार वाजवायला निघून गेले. त्या दिवशी शनिवार होता, समोरचा घरीच होता, दारात उभा राहून त्यांच्याशी बोललाही. तरी काका तासभर परत आले नाहीत.

ते मला कळलं फेब्रुवारीत. त्या आठवड्यात बर्फ एकदम वितळलं होतं आणि तळघरातलं पाणी बाहेर फेकणारा पंप बंद पडला होता. हे मला माहीत नव्हतं. मी दुपारी परीक्षेहून आले, कानात हेडफोन घातले आणि झोपले. जाग आली ती दार फुटण्याच्या आवाजाने. काकांनी बर्फ ओढायच्या फावड्याने कुलूप तोडलं होतं. जमिनीवर चार बोटं पाणी होतं. काका त्यात मोज्यांनिशी उभे होते, हातात फावडं.

"उत्तर द्यायचं," ते म्हणाले. "ठरलं होतं ना आपलं? उत्तर द्यायचं."

मी हेडफोन दाखवले. सॉरी म्हणाले. ते जिन्याच्या पायरीवर बसले. काकू वरून विचारत होत्या, आहे का पोरगी, आहे का? त्यांना उत्तर मी दिलं. काका माझ्याकडे न बघता, त्या साल नसलेल्या रेघेकडे बघत बोलले.

"सायरन दुपारी झाला. वर डोंगरातलं बर्फ वितळलेलं आणि त्यावर पाऊस. गिरणीतल्या आम्हा जवान पोरांना खालच्या गल्लीत पाठवलं. मला डावी बाजू. दार वाजवायचं, माणसं असली तर 'चर्चकडे चला' म्हणायचं, तेवढं एक वाक्य घोकून घेतलं होतं माझ्याकडून. घर रिकामं असलं तर दारावर खडूने फुली. मागून होडी येणार होती. फुली दिसली की ती थांबणार नव्हती. नऊ नंबरला सगळ्या खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद. दुपारचे साडेतीन. आमच्या वर्ध्यात दिवसाउजेडी घर असं गच्च बंद म्हणजे माणसं गावाला गेली. कुलूप बघायलासुद्धा कुणी जात नाही. नदीकडची म्हातारी माणसं थंडीत दिवसाही झडपा ओढून बसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी फुली मारली आणि अकराला गेलो."

"वाजवलं नाहीत?"

त्यांनी पायातला ओला मोजा ओढून काढला. मग म्हणाले, "सात नंबरच्या बाईने मला बघून दार लावून घेतलं होतं. मला वाटलं, हेही घर तसंच करेल. झडपा बंद दिसल्या तेव्हा मला बरं वाटलं."

चार दिवसांनी त्यांना दुसऱ्या गावी पाठवलं. स्टेशनवर दोन माणसं बोलत होती. खालच्या गल्लीत एक म्हातारी मेलेली सापडली, एवढं काकांना कळलं. कुठल्या घरात, ते त्या माणसांना विचारायला भाषा नव्हती. पुढे भाषा आली, पण विचारलं नाही. त्या गावाबद्दल माणसाला विचारता येईल ते सगळं साठ वर्षं विचारलं, एवढं सोडून.

"विचारू का त्यांना?" मी म्हटलं.

"नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर तीन टकटक झाल्या. दाराला कुलूप नव्हतंच, ते नुसतं लोटलेलं होतं. "आहेस ना?" मी "आहे काका" म्हणाले. पावलं वर गेली नाहीत. मग आवाज आला, "विचार."

मी माझ्या दुसऱ्या सेमिस्टरच्या जर्मनमध्ये पत्र लिहिलं. काकांनी सांगितलं तसंच, फुलीसकट. उत्तर लवकर येईना. दप्तरखान्याच्या बाई आजारी होत्या असं मागाहून कळलं. तोवर उन्हाळा आला आणि काका पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, तिथून रिहॅब सेंटर, तिथून घरी यायचं लांबतच गेलं.

तिथे लांब कॉरिडॉर होता आणि दोन्ही बाजूंना दारं, आगीच्या नियमामुळे आपोआप बंद होणारी. काका व्हीलचेअर ढकलत एकेक दार वाजवायचे. तक्रारी झाल्या. मग त्यांची खुर्ची दुपारी नर्सच्या काउंटरजवळ लावून ठेवू लागले, चाकांना ब्रेक घालून. एकदा मी गेले तेव्हा शेजारच्या खोलीतला पलंग रिकामा होता आणि माणसं एकेक वस्तू पिशवीत भरत होती. काका म्हणाले, "काल वाजवू दिलं नाही मला."

उत्तर आलं ते ईमेलने, मी बसमध्ये होते. डिक्शनरी न उघडताच मला ते कळलं. मी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. खरं सांगते, मी दुसरं उत्तर लिहूनही ठेवलं होतं. घर रिकामं होतं, बाई बहिणीकडे गेली होती, असं. चांगलं जमलं होतं ते. शेवटी काकूंना दोन्ही दाखवली. त्या पोळ्यांचा डबा भरत होत्या. त्यांनी माझं वाचलं, मग खरं मला मराठीत सांगायला लावलं, आणि डब्याचं झाकण लावून म्हणाल्या, "साठ वर्षं ते याहून वाईट धरून बसलेत. तू खरं काय ते वाच. आणि दार उघडं ठेवून वाच."

दार उघडं राहत नव्हतं. काकू पूर्ण वेळ त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

मी आधी जर्मन वाचलं, मग मराठीत. काकांनी मध्ये थांबवलं नाही. शेवटची दोन वाक्यं त्यांनी पुन्हा वाचायला लावली, जर्मनमध्येच. मग म्हणाले, वही आणली आहेस का? मी आणली होती. "टाइप नको करू. हाताने लिही." त्यांनी एकेक शब्द सांगितला, मी लिहिला. ते रडले नाहीत.

त्यानंतर काका सतरा दिवस होते. त्या दिवसांत त्यांनी कुणाचंही दार वाजवलं नाही. नर्स मला म्हणाली, आता ते शांत झाले आहेत. कधीकधी ते ब्रेक लावलेल्या खुर्चीत बसून उजव्या पायाने फरशीवर थाप मारायचे. तीनदा. मग थांबून वाट बघायचे.

सातवी वही काकूंनी मला दिली आहे. नऊ नंबरचं पान माझ्या अक्षरात आहे. काकांनी सांगितलं तसं ते इथे उतरवते.

'घर क्रमांक नऊ. गेर्टा. गिरणीतल्या कामगाराची विधवा, शिवणकाम करणारी. मूल नाही. लहानपणीच्या तापात दोन्ही कान गेले. पुराच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सापडली. होडी संध्याकाळच्या आत येऊन गेली होती, फुली बघून पुढे गेली. फुली कुणी मारली हे गावात आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी मारली. पुढचं दार वाजवून तिला कधीच कळत नसे, म्हणून गल्लीतलं कुणी ते वाजवत नसे. लोक मागून आत जात आणि लाकडी जमिनीवर पायाने तीन थापा मारत, त्या तिला तळव्यांना कळत. मागच्या दाराला कुलूप नव्हतं.'